मापं छापा, नुसते फोटो नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागच्या बाजूला मुलांसाठी आणि गृहिणींसाठी म्हणून घरी करायच्या वस्तूंचं जे अर्धं पान असतं त्याबद्दल लिहितेय. मी इचलकरंजीत राहते, घरीच ब्लाऊज शिवते आणि दुपारी मुलींना शिवण शिकवते, त्यामुळे हे पान माझ्याकडे कापून ठेवलेलं असतं, मुली स्वतःच घेऊन येतात की काकू हे करूया. आणि दर वेळी तेच होतं. फोटो मस्त असतो, खाली लिहिलेलं असतं "थोडं कापड घ्या, हव्या त्या आकारात कापा, सुंदर पिशवी तयार". आता हवा तो आकार म्हणजे काय हो? ज्याला आकार माहितीये तो तुमचं पान कशाला वाचेल. शिवाय सामानात ग्लू गन, फोम शीट, ग्लिटर पेपर, रेडीमेड स्टोनची लेस, म्हणजे आधी बाजारात जाऊन खर्च करायचा आणि मग टाकाऊतून टिकाऊ करायचं. टाकाऊ नक्की काय आहे त्यात ते मला अजून कळलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की माप द्या, धागा कुठल्या दिशेला ते द्या, आणि सामान घरात असलेलं सांगा. बाकी फोटो छोटा असला तरी चालेल.

पिशवीचंच घ्या. साधी बाजाराची पिशवी, १४ बाय १६ इंचाची. त्याला १५ इंच रुंद आणि ३५ इंच लांब एकच तुकडा लागतो, खाली जोड द्यायची गरजच नाही, कापड दुमडलं की तळ आपोआप होतो. लांबीत १६ दुणे ३२ आणि वरच्या दोन्ही तोंडांना दीड दीड इंचाची दुमड. बाजू शिवताना आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर टीप मारायची, मग पिशवी उलटायची आणि तीच शिवण आत दाबून परत एक टीप, म्हणजे कापडाच्या दशा आत बंद होतात आणि कांद्याबटाट्याचं वजन आलं तरी उसवत नाही. रुंदी पावणेचौदाच्या आसपास येते, चालतं. बंदांसाठी २२ इंच लांब ४ इंच रुंद दोन पट्ट्या, चार पदरी दुमडून एक इंचाच्या करायच्या आणि पिशवीला जोडताना नुसती आडवी टीप नाही मारायची, छोटा चौकोन शिवायचा आणि त्याच्यात फुली. एका ओळीत टीप असली की सगळा ताण त्याच ओळीवर येतो आणि बंद तिथूनच निघतो, चौकोन आणि फुलीत तो वाटला जातो. हे एवढं छापायला किती जागा लागते? तुमच्या त्या फोटोच्या निम्मी.

पट्ट्या कापताना उभ्या धाग्यात कापायच्या हेही सांगायला पाहिजे. आमच्या गावात हे समजावायला सोपं जातं कारण प्रत्येकाच्या गल्लीत यंत्रमाग आहे नाहीतर होता. ताणा म्हणजे उभा धागा, तो मागावर ताणलेला असतो म्हणून ते सूत जास्त पिळाचं, मजबूत, आणि कापड झाल्यावरही त्या दिशेला ते कमी ताणतं, बाणा म्हणजे आडवा धागा जरा सैल असतो. कोपऱ्यातून तिरकं ओढलं तर कापड सगळ्यात जास्त ताणतं, म्हणून गळ्याची पट्टी तिरकी कापतात, गोलात नीट बसते. तीच तिरकी पट्टी पिशवीच्या बंदाला लावली तर आठवड्यात बंद गुडघ्यापर्यंत लोंबायला लागेल. किनार दिसत असेल तर प्रश्न नाही, किनारीच्या बाजूने जातो तो ताणा. कात्रणात किनार नसते, तिथे दोन्ही बाजूंनी ओढून बघायचं, जिकडे कमी ताणेल ती उभी.

कागदाचंही असंच आहे आणि हे तर तुमच्याच पेपरवर करून बघता येतं. पेपरचं पान वरून खाली फाडा, बऱ्यापैकी सरळ फाटतं. आडवं फाडा, वेडंवाकडं जातं. मशीनवर कागद तयार होताना तंतू जास्त करून एका दिशेला झोपतात, म्हणून. घडी त्या दिशेला घातली की टोकदार बसते, उलटी घातली की फुगते, जाड कार्डशीट असलं तर घडीवर चक्क तडा जातो. मुलं ग्रीटिंग कार्ड करतात आणि ते उभं राहत नाही, वाकडं होतं, त्याचं कारण निम्म्या वेळा हेच असतं, मुलाचा हात वाईट नसतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी नुसतं फाडायला लावते, कागद पण आणि चिंधी पण. आया बघत बसतात की ही काय शिकवतेय.

आता कापडी पिशवी म्हटलं की अजून एक. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, मार्चमध्ये अधिसूचना निघाली आणि जूनच्या २३ तारखेपासून दंड चालू झाला, तेव्हा सगळ्यांना एकदम कापडी पिशव्या आठवल्या. मग बाजारात त्या खरबरीत रंगीत पिशव्या आल्या, साड्यांच्या दुकानात अजून मिळतात, लोक त्याला कापडी म्हणतात. ते कापड नाही, पॉलिप्रोपिलीन आहे, प्लास्टिकच, फक्त विणल्यासारखं दिसतं. ओळखायचं सोपं आहे, एक धागा नाहीतर बारीक तुकडा काढून चिमट्यात धरून मोठ्या माणसाने जाळून बघायचा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि बोटात चुरडली तर राख होते, कृत्रिम असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. जुनी साडी सुती आहे का मिक्स हेही असंच कळतं आणि ते कळायलाच पाहिजे, कारण तान्ह्या बाळाच्या दुपट्याला मिक्सचं कापड घाम नीट शोषत नाही.

दुपट्यावरनं आठवलं, गोधडी. तुमच्या पुरवणीत गोधडीवर लेख येतो तो नेहमी आजीच्या मायेवरच येतो, वाचून डोळ्यात पाणी येतं ते ठीक आहे पण करायची कशी ते कोणी लिहीत नाही. मोठी गोधडी नको, ३६ बाय ३६ इंचाचं दुपटं हा नवशिक्यासाठी सगळ्यात चांगला प्रकार आहे. जुनं मऊ झालेलं सुती लुगडं किंवा साडी, खाली एक पदर, मध्ये एक किंवा दोन, वर एक. सगळे धुऊन घेतलेले पाहिजेत, एखादा कोरा पदर मध्ये गेला तर पहिल्या धुण्यात तो एकटाच आटतो आणि दुपटं चुरगळून बसतं. जमिनीवर पसरून हाताने सुरकुत्या बाहेरच्या बाजूला सारायच्या, मोठे मोठे कच्चे टाके घालून पदर धरून ठेवायचे आणि मग कडेपासून धावदोरा, कडेला समांतर फिरत फिरत मध्यापर्यंत. ओळींमधलं अंतर बोटभर. काही बायका कडेकडून आत येतात काही मध्यातून बाहेर जातात, दोन्ही बरोबर, फक्त कच्चे टाके नीट पाहिजेत नाहीतर शेवटी मध्यात फुगा येतो. यात मशीन नको, डिझाईन नको, सहावीतली मुलगी सुट्टीत आरामात करते. आणि हो, बाळाच्या दुपट्याला टिकल्या, मणी, बटणं काही लावू नका, फोटोत छान दिसतं म्हणून तुमच्या पानावर एकदा तसं आलं होतं, बाळ सगळं तोंडात घालतं.

खळीचं पण सांगते कारण ग्लू गन डोक्यात बसलीये. एक वाटी पाण्यात दोन चमचे मैदा, आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडायच्या मग मंद गॅसवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन काचेसारखी चकाकी आली की झाली खळ. कागदाला कागद चिकटवायला याच्यासारखं काही नाही. दोन दिवस टिकते, नंतर आंबते. बाइंडिंगवाले किडे लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद टाकतात पण ते विष आहे, मुलांच्या खळीत नाही टाकायचं, संपली की नवीन करायची. या खळीने पेपरच्या पिशव्या होतात, औषधाच्या दुकानाला, स्टेशनरीवाल्याला देता येतात. वडापाव, भजी, पोहे यासाठी मात्र नाही. शाई खाण्यात उतरते, एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६ मध्ये आणि परत २०२३ मध्ये सांगितलंय की छापील पेपरात खाण्याचं गुंडाळू नका. तुमच्या पानावर मध्ये पेपरचे भेळेचे कोन दाखवले होते, तेवढं बघा.

आता शाळेचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. रात्री नऊला ग्रुपवर मेसेज येतो, उद्या आकाशकंदील करून आणा. नऊ वाजता कोण करणार? मग स्टेशनरीच्या दुकानात तयार कंदील, तयार तक्ता, तयार पायमोजा बाहुली, सगळं मिळतं, दुकानदाराला कोणत्या इयत्तेला काय आहे ते आईच्या आधी माहीत असतं. आणि शाळेत भिंतीवर लागतं ते तेच चकचकीत, मुलाने स्वतः केलेलं वाकडंतिकडं मागे राहतं. मुलांना एका वर्षात कळतं की हाताने करण्यात अर्थ नाही. मी बाईंना दोष देत नाही, त्यांच्यावर पण फोटो पाठवायचं प्रेशर असतं. पण हीच गोष्ट कागदावर किती मोठी मोठी लिहिलीये बघा, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांबरोबर काम करायचं म्हटलंय. त्याच्याही खूप आधी १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं होतं. आणि पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुने पेपर यातनं मुलांकडून गणित आणि विज्ञान करून घेतलं, त्यांना २०१८ ला पद्मश्री मिळाली. म्हणजे सगळ्यांना मान्य आहे, फक्त रात्री नऊच्या मेसेजमध्ये ते येत नाही.

कंदिलात किती भूमिती आहे सांगू? आपला नेहमीचा घरगुती कंदील, त्याला आठ इंचाच्या २४ बांबूच्या काड्या लागतात. चार चार काड्यांचे सहा चौकोन बांधायचे. मग एक चौकोन खाली, एक वर, चार बाजूला, सगळे फक्त कोपऱ्याला कोपरा बांधायचे. बास. मधे मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळी एकही काडी लागत नाही. मुलांना हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा ती त्रिकोण परत परत मोजतात. आता हा सांगाडा हातात धरला की डुगडुगतो, कारण चौकोन तिरका होऊ शकतो, त्रिकोण होऊ शकत नाही. म्हणून वरच्या आणि खालच्या चौकोनात कर्णावर दोरा ताणून बांधायचा, फुलीसारखा, वरच्या फुलीत होल्डर पण अडकवता येतो. बाजूच्या चार चौकोनांना आणि आठ त्रिकोणांना पतंगी कागद, प्रत्येकाला सगळीकडून अर्धा इंच जास्त, खळ लावून काडीवरून आत वळवायचा, ताणून चिकटवला की वाळल्यावर सांगाडा ताठ होतो. त्रिकोण कापताना आठ इंचाच्या बाजूला उंची जवळजवळ सात इंच धरायची. तयार कंदील सव्वाअकरा इंच उंच होतो, खाली झिरमिळ्या वेगळ्या. घोटीव कागद नको, त्यातनं उजेड बाहेर येत नाही. आणि बल्ब सात नाहीतर नऊ वॅटचा एलईडीच, जुना साठचा पिवळा बल्ब कागदाजवळ तापतो. पतंगी कागदाऐवजी जुनी सुती ओढणी लावली तर पुढच्या वर्षी परत वापरता येतो, ते मी हल्ली करते.

शिवणाच्या सुट्टीतल्या क्लासबद्दल एक बारीक सूचना पण छापा, सुया मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, एक कमी असली तर चटई झटकल्याशिवाय कोणी उठायचं नाही. बाकी सगळं चुकलं तरी चालतं.

तर विनंती अशी की महिन्यातनं एकदा तरी पूर्ण मापाचा नमुना छापा, म्हणजे पानावर ठेवून खडूने आखता येईल असा. पूर्वी विणकामाचे आणि भरतकामाचे नमुने यायचे तसे चौकटीच्या कागदावर. तुमचं पान एवढं मोठं असतं, लहान बाळाच्या झबल्याचा अर्धा भाग त्यात सहज बसतो. कोणाकडून करून घ्यायचं असेल तर प्रत्येक गावात शिवणक्लासच्या बायका आहेत, त्यांना विचारा, त्या नेटवरचा फोटो नाही पाठवणार, आधी करून बघून पाठवतील. आणि कंदिलाचा नमुना नरकचतुर्दशीच्या आदल्या रविवारी नका छापू, नवरात्र संपलं की लगेच छापा, नंतर आमच्याकडे बुरुडाकडच्या सारख्या जाडीच्या काड्या संपलेल्या असतात आणि उरतात त्या सगळ्या गाठीवर मोडणाऱ्या.

आपली,
एक वाचक, इचलकरंजी