सुतारमामांस, कोकणातल्या घरासंबंधी

ति. मामांस,
सा. न. वि. वि.

साखर पेठेतलं तुमचं दुकान आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे, तरी पत्र लिहितेय. कारण आभाराचं बोलणं निघालं की तुम्ही रंधा चालवायला घेता आणि पुढचं काही ऐकूच येत नाही. शिवाय नातेवाइकांत अशी बोलवा आहे की आम्ही कुणाकडून तरी कोकणातल्या घरातलं भूत बांधून घेतलं. तसलं काही झालेलं नाही. भूत आहे तिथंच आहे. काय झालं ते एकदा चारचौघांसमोर सांगून टाकते.

यांच्या आत्या गेल्या आणि आरवलीजवळचं, समुद्राकाठचं त्यांचं घर आमच्याकडे आलं. आम्ही पडलो माळवदाखाली वाढलेली माणसं. जाड भिंती, वर मातीचं धाबं. आमची घरं रात्री गप झोपतात. सोलापुरात वर्षाचा पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, तिथं तीन हजारांच्या वर. तिथलं लाकूड पाणी पितं, फुगतं, वाळतं आणि दर वेळी काहीतरी बोलतं, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? दिवे मालवले की वासे कडकडायचे. कौलांवरून कुणीतरी सावकाश चालत जायचं. रात्री जेवणं उरकली की परसदार धाडकन आपटायचं आणि पडवीतला रिकामा झोपाळा हलायला लागायचा. त्याहून वाईट म्हणजे मध्यरात्रीचा भाताचा वास. तोही साध्या भाताचा नाही, आंबेमोहोर शिजावा तसा. गॅस बंद, चूल थंड, आणि ओटीपासून माजघरापर्यंत घमघमाट! सासूबाई अंथरुणात उठून बसायच्या आणि म्हणायच्या, "वन्सं रांधताहेत."

शेजारपाजारचे लोक हसून म्हणायचे, राखणदार आहे, काही करत नाही. पण 'काही करत नाही' हे कुत्र्याबद्दल ऐकलं तरी आपण दोन पावलं मागे सरतोच की.

मग सोलापुरात परतल्यावर तो बाबा उगवला. कुणी आणला ते सोडा. पाच आकडी रक्कम मागितली, ती एक वेळ दिलीही असती आमच्या माणसांनी. पण म्हणाला, धाकट्या लेकीला धरलंय, तिला मिरचीची धुरी द्यावी लागेल. तुम्ही त्या दिवशी आमच्या कपाटाचं दार बसवत होतात. हातातला पटाशी-हातोडा खाली ठेवून तुम्ही जे बोललात, ते मला अजून शब्दशः आठवतं, पण इथं लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं एवढंच, की भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे, हे तुम्ही त्याला उभ्या उभ्या ऐकवलंत. हातमागाचे धोटे घडवायला सोलापुरात आलेला, माग गेले तरी इथंच राहिलेला मालवणी सुतार कायदा पाठ करून बसला असेल, असं त्या बाबाला वाटलं नसावं. मलाही नव्हतं वाटलं. चहा न घेताच गेला.

आणि नंतर तुम्ही आमच्याबरोबर आलात, दुकान बंद ठेवून. आंबोली घाट उतरल्यावर तुमची भाषाच बदलली. "घाबरतास कित्या? ह्या घर त्येचा. तुमी वर्साक म्हयनोभर येतास, तो बाराय म्हयने हयच रवता. मगे भाडेकरू कोण?" लेक खुदकन हसली. त्या घराच्या बाबतीत ती पहिल्यांदा हसली, मामा.

संध्याकाळी तुम्ही तिला परसदारात अगरबत्ती धरून बसवलंत. आधी धूर समुद्रावरून जमिनीकडे जात होता. मग बराच वेळ तो सरळ वर चढत राहिला, आणि रात्री उलटा फिरून समुद्राकडे निघाला. खारे वारे, मतलई वारे! भूगोलात मीही घोकले होते, मार्कांपुरते. दिवसा घरातून येणारा वारा दार चौकटीला दाबून ठेवतो, रात्री जमिनीकडून वारा सुटला की तेच दार आत ढकलतो. कडी सैल, म्हणून ते भिंतीवर आपटतं. दिवसभर तापलेली कौलं आणि वासे रात्री निवताना आवाज करतात. कौलांवरची पावलं म्हणजे कांडेचोर, आपलं उदमांजर. सकाळी शिडी लावून तुम्ही तिला कौलांवरची बियांनी भरलेली विष्ठा दाखवलीत. भाताचा वासही त्याचाच, सुगंधी तांदळासारखा. यांनी ते मुळीच खरं मानलं नाही. मग त्याच रात्री तुम्ही बॅटरी मारलीत आणि आढ्यावर दोन डोळे चमकले, वासही अगदी डोक्यावरूनच येत होता.

इथवर कुणीही शहाणा माणूस आला असता. मला आभार मानायचेत ते पुढच्यासाठी. सासूबाई परसदारी रोज भाताची मूद ठेवायच्या, वन्संसाठी. तुम्ही त्यांना कांडेचोराबद्दल अवाक्षर बोलला नाहीत. फक्त म्हणालात, भातापेक्षा केळी ठेवा. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड वाहतात, म्हणून सासूबाईंना ते पटलं. उदमांजराच्या जातीला फळं आवडतात, म्हणून लेकीलाही पटलं. सकाळी ताटली रिकामी असते आणि दोघी आपापल्या जागी खूश असतात.

वेतोबाच्या देवळात वाहिलेल्या त्या भल्यामोठ्या चपला बघून लेकीने विचारलं, एवढ्या कशाला? देव रात्री गावाची फेरी मारतो, चपला झिजतात, म्हणालात. तिने लगेच नंबर विचारला. परत आल्यावर तुम्ही ओटीवर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलंत: "बा म्हाराजा, ही घाटावरली लेकरा तुझ्या घरात ऱ्हवाक इली हत. काय चुकला माकला तर पदरात घे, आणि हेंची राखण कर रे म्हाराजा!" आणि "व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्यांदा कोण ओरडलं, तर जिला धुरी द्यायची होती ती.

मी स्वतः भूत मानत नाही. हे मानतात की नाही, ते दिवसा विचारलं की रात्री, यावर ठरतं. पण आता आम्ही तिथं दारं उघडी टाकून झोपतो, आणि आत शिरताना सासूबाई "आलो गं" म्हणतात, त्याला कुणी हसत नाही.

तुम्ही मजुरी घेतलीत ती फक्त नव्या कडीची. येत्या मे महिन्यात, पावसाच्या आत, कौलं परतायची आहेत आणि दोन वासे बदलायचे आहेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सासूबाई बांधून घेतील, केळी सावंतवाडीत घेऊ. मजुरीचं मात्र निघायच्या आधी, दुकानात बसून ठरवायचं. आणि तेव्हा रंधा बाजूला ठेवा.

तुमची,
समोरच्या वाड्यातली सून