ससा म्हणजे खेळणे नव्हे

महोदय, मुलांच्या हट्टापायी ससा घरी येतो आणि महिनाभरातच पिंजऱ्याच्या कोपऱ्यात विसरला जातो, हे पाहून जीव तुटतो. नीट सांभाळलेला ससा ८ ते १२ वर्षे जगतो. त्याचे दात जन्मभर वाढतात. ते झिजावेत म्हणून सुके गवत सतत पुढ्यात हवे, गाजर अगदी थोडेच. आमचा ससा एकदा सकाळपासून काही खाईना, अंग चोरून बसून राहिला. लेंड्याही पडल्या नव्हत्या. तडक पशुवैद्याकडे नेला म्हणून वाचला. ससे दुखणे लपवतात, त्यामुळे रोज लेंड्यांवर नजर ठेवावीच लागते. एकटा ससा झुरतो हेही खरे, पण जोडी ठेवायची तर आधी नसबंदी करा. मादी सुमारे ३१ दिवसांत विते.

– एक ससेप्रेमी वाचक