शेजारच्या काकूंना उघड पत्र

ती. काकूंना सप्रेम सलाम,

परवा चर्चच्या मंडळीने पाळक म्हणून बाबांनी केलेल्या सेवेची आठवण काढली. सायकलवरच्या फेऱ्या, देवळांची बांधकामं, सगळं बोलून झालं. तुमचं नाव मात्र निघालं नाही. ते मनाला लागलं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे.

आमच्या भागात प्रेस्बिटेरियन मिशनचं काम जुनं. अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांचा रॉबर्ट 1863 साली इथेच जन्मला. फेरीवर गेलेल्यांची नावं राहतात, मागे घर राखणाऱ्यांची सहसा नाही.

बाबांचा रविवार म्हणजे सकाळी एका गावी उपासना, दुपारी दुसरीकडे बाप्तिस्मा, मधेच कुणाची माती. कॅरियरच्या पिशवीत प्रभुभोजनाचे पेले टॉवेलात गुंडाळलेले. रस्ता संपला की सायकल हातात धरून बांधावरून चालायचं. मुक्काम कुठे पडेल ते आईलाही ठाऊक नसायचं.

11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हाही ते वारणेपलीकडेच होते. फडताळातली भांडी खाली कोसळली. आईने भावाला उचललं, पण दार चौकटीत आवळलेलं, उघडेना. बाहेरून तुमची हाक आली, "वैनी, मागं सरा!" आणि तुम्ही खांदा लावलात. आम्हाला अंगणात ओढलंत, अंगावरचं घोंगडं काढून आमच्यावर टाकलंत. पुढे धक्क्यांच्या भीतीने सगळा गाव बाहेर झोपू लागला, तेव्हा तुमच्या खळ्यात आमची अंथरुणं तुमच्या लेकरांशेजारीच पडली. पाळकाचं घर म्हणून कधी वेगळं पान मांडलं नाहीत. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती, काकू.

पुढे आईचं बाळंतपण अवघड झालं. काकांनी रात्रीच बैलगाडी जुंपली आणि सकाळच्या एसटीने तुम्ही तिच्यासोबत मिरजेला गेलात, वानलेससाहेबांनी 1894 मध्ये उघडलेल्या मिशन दवाखान्यात. घरचं सुगीचं काम टाकून तिथे राहिलात. बाबा पोचेपर्यंत बेबी तुमच्याच मांडीवर होती.

आई शेवटपर्यंत म्हणायची, "हे गावोगाव फिरले ते काकूंच्या जिवावर." तिच्या आणि बाबांच्या वतीने मी तुमचे मनापासून आभार मानतो. नाताळाच्या आधी बेबीला घेऊन येतोय.

तुमचाच,
पाळकांचा थोरला