‘मारतो का?’ एवढंच का विचारता?

मा. संपादक,
स. न.

नवऱ्याच्या जाचाबद्दल सांगायला मी पहिल्यांदा पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा एकच प्रश्न आला, ‘मारतो का?’ मी ‘नाही’ म्हटलं. ‘मग समजुतीनं घ्या, पोरांकडे बघा,’ असं सांगून मला परत पाठवलं. त्यानंतर 14 महिने मी त्याच घरात काढले.

हात त्यानं खरंच उगारला नव्हता. पण माझं एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात असायचं. रोज रात्री माझा फोन घेऊन कुणाशी किती वेळ बोलले ते तपासायचा. बहिणीकडे जायचं नाव काढलं की म्हणायचा, ‘खुशाल जा. पोरं नेलीस तर पळवल्याची केस टाकीन.’ या एका धमकीपायी माझा पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता.

निघाले त्या सकाळी मुलीच्या दप्तरातली पुस्तकं काढून दोघांचे कपडे भरले. जन्मदाखले, आधार कार्डं, पासबुक यांचे फोटो बहिणीला आधीच पाठवून माझ्या फोनमधून पुसले होते. दारात मुलगी म्हणाली, ‘आई, आज गणिताची वही लागेल गं.’ ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मला मोफत वकील मिळाल्या. 1987 च्या कायद्यानं हा हक्क प्रत्येक बाईला आहे, उत्पन्न कितीही असो. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, ‘तुम्हीही पालकच आहात. कोर्टाचा उलटा आदेश नसताना स्वतःची मुलं सोबत आणणं म्हणजे पळवणं नव्हे. पण ताब्याचा अर्ज लगेच टाकू.’ कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 21 खाली मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. कलम 27 मुळे, आसरा घेतलाय तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. घर सोडलं म्हणून पोटगीचा हक्कही आपोआप जात नाही.

मग संरक्षण अधिकारी, म्हणजे अशा बायकांच्या मदतीसाठी याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी बाई, यांनी घटनेच्या अहवालाचा फॉर्म पुढे ठेवला. घरखर्चाला पैसे न देणं, नोकरी करू न देणं, घराबाहेर पडू न देणं, कुणाला भेटू न देणं, सगळं त्यात आधीच छापलेलं! मी खुणा करत गेले आणि रडू आवरेना. माझं घरच त्या कागदावर होतं. मग ठाण्यात फक्त माराबद्दल का विचारलं?

अर्जाची पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल त्या तारखेपासून 60 दिवसांत लागावा, असं कायदा सांगतो. मला पहिल्या तारखेलाच 5 आठवडे लागले. ते सगळे दिवस मुलगा रात्री दचकून उठून कडी लावली का विचारायचा.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि अंगणवाडीत संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लावा. तक्रार घेणाऱ्यांनी तो फॉर्म एकदा तरी वाचावा. आणि शेजारी 181 ही महिला हेल्पलाइनही लिहा. तो नंबर मला बहिणीच्या घरी, सगळं झाल्यावर कळला.

आपली,
एक वाचक
(कृपया नाव छापू नये.)