गोळ्या थांबवल्या, त्या खाणाऱ्यांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारच्या अंकात पहिल्या पानावर आपण नालासोपाऱ्यातल्या अंमली पदार्थांवरच्या धाडीची बातमी दिलीत. मथळ्यात ठळक अक्षरांत 'नायजेरियन', फोटोत तोंडावर काळा बुरखा चढवलेला एक माणूस. बातमी शेवटपर्यंत वाचली तर शेवटून दुसऱ्या ओळीत तो आयव्हरी कोस्टचा नागरिक असल्याचं कळत होतं. म्हणजे मथळा लिहिणाऱ्याने बातमी वाचलीच नव्हती, किंवा वाचूनही त्याला फरक पडला नव्हता.

त्याला पकडलं ते ठीकच झालं, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण याच्या उलट दिशेने, म्हणजे इथून आफ्रिकेत गेलेल्या मालाची बातमी फेब्रुवारी 2025 मध्ये आली होती, ती आपण आतल्या पानावर आठ ओळींत उरकलीत. ते कात्रण माझ्याकडे आहे. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढल्यामुळे औषधाची बातमी कापून ठेवायची सवय आहे.

बातमी अशी होती. मुंबईच्या एका औषध कंपनीच्या गोळ्या घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जातात, हे बीबीसीच्या पत्रकारांनी छुप्या कॅमेऱ्याने उघड केलं. गोळीत दोन औषधं एकत्र. एक टॅपेन्टाडॉल, म्हणजे अफूच्या जातकुळीतलं कृत्रिम वेदनाशामक. दुसरं कॅरिसोप्रोडॉल, स्नायू सैल करणारं. सवय लागते म्हणून युरोपने ते बाजारातून काढलं. दोन्ही गुंगी आणतात, दोन्हींनी श्वास मंदावतो. ही जोडगोळी जगात कुठेही औषध म्हणून मान्य नाही. बातमी आल्यावर दिल्लीच्या औषध नियंत्रकांनी या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवली, कंपनीच्या तपासणीत एक कोटीहून जास्त गोळ्या-कॅप्सूल अडवून ठेवल्या. चांगलं झालं. पण गोष्ट इथे संपली असं समजून आपण सगळ्यांनी पान उलटलं, आणि मला लिहायचंय ते त्याच्या पुढचं.

कारण हे आधीही एकदा झालंय. पूर्वी पश्चिम आफ्रिकेत ट्रॅमाडॉल जायचं, तेही अफूच्या जातकुळीतलं वेदनाशामक. आपल्याकडे ट्रॅमाडॉल साधारण 50 किंवा 100 मिलिग्रॅमचं मिळतं. तिकडच्या पाकिटांवर 225 असा आकडा असायचा. 225 मिलिग्रॅमची एक मात्रा मी उभ्या आयुष्यात कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर वाचलेली नाही. ती रुग्णासाठी नव्हतीच. पोती उचलणारे हमाल, मोटारसायकलवर प्रवासी नेणारी पोरं, उन्हात शेत खणणारे मजूर ती घ्यायचे. दुखणं जाणवत नाही, दिवस लांबवता येतो. एप्रिल 2018 मध्ये भारताने ट्रॅमाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. त्याच वर्षी 1 मे रोजी नायजेरियाने कोडीन, म्हणजे अफूच्याच जातीचं औषध, असलेल्या खोकल्याच्या औषधाची आयात आणि उत्पादन बंद केलं. मग ट्रॅमाडॉलच्या जागी टॅपेन्टाडॉल आलं. दिवस लांबवण्याची गरज तशीच होती, ती कुठल्याच कायद्याने कमी केली नव्हती.

गरज किती मोठी, तर 2018 च्या राष्ट्रीय पाहणीत नायजेरियात 15 ते 64 वयाच्या 1 कोटी 43 लाख लोकांनी वर्षभरात दारू-तंबाखू सोडून कुठली ना कुठली नशा केलेली आढळली. सातातला एक. घानाच्या उत्तरेला तमाले नावाचं शहर आहे. तिथल्या एका मुखियाने शंभरेक गावकऱ्यांचं पथक उभारलं आणि ते रात्री विक्रेत्यांवर धाडी घालतं, सापडलेल्या गोळ्या जाळतं. आपल्याकडे बाया दारूचे गुत्ते फोडतात तसंच. त्यांच्या हिमतीला माझा नमस्कार. पण गोळी जाळल्यावर दुसऱ्या दिवशी ती खाणारा पोरगा अंग मोडून, घाम फुटून, जुलाबाने बेजार होऊन पडतो, त्याला कोण बघतं?

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. 2006 ते 2014 मी टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये होते. यजमानांची तिथे नोकरी, आणि मी एका औषधांच्या दुकानात काउंटरवर. तिथली नशा वेगळी. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अफगाणिस्तानातलं हेरॉइन इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरून गलबतांनी येतं. तिथली पोरं त्याला 'उंगा' म्हणतात. स्वाहिलीत उंगा म्हणजे पीठ. नशा करणारा तो 'तेजा'. आपल्याकडे गर्दवरून गर्दुल्ला झाला तसाच हाही शब्द, तितकाच तुच्छतेचा. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीला मी नावाने हाक मारायचे, बाकी सगळे 'दादा' म्हणायचे. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, आणि काका म्हणजे भाऊ! पहिले सहा महिने माझा या नात्यांत नुसता गोंधळ.

तर एक किडकिडीत पोरगा दर दोन-तीन दिवसांनी सिरिंज मागायला यायचा. एकच, सगळ्यात बारीक सुईची. मला कळलं तेव्हा मी एक दिवस त्याला 'नाही' म्हणून परत पाठवलं. त्याने हुज्जत घातली नाही. 'सावा, मामा,' म्हणाला, म्हणजे ठीक आहे आई, आणि गेला. मला वाटलं, बरं काम केलं. संध्याकाळी दुकान बंद करताना दादा म्हणाली, त्याने आज नशा केली नसेल असं वाटतं का तुम्हाला? दुसऱ्याची सुई घेतली असेल, एवढंच. मग तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मला जेवण गेलं नाही. पैसे नसले की काही बायका, नुकतंच टोचून घेतलेल्या मैत्रिणीच्या अंगातलं रक्त सिरिंजमध्ये ओढून स्वतःला टोचून घ्यायच्या. त्यात थोडी नशा उतरलेली असते या समजुतीने. मैत्रिणीही देत, तिला आरोस्तो होऊ नये म्हणून. आरोस्तो म्हणजे आपल्या गर्दुल्ल्यांच्या भाषेतली टर्की, नशा न मिळाल्यावर अंगाला होणारा त्रास. त्या काळी त्या शहरात सुईने नशा करणाऱ्या दहांतल्या चौघांना एचआयव्ही होता, बायकांत त्याहून जास्त.

तो पोरगा पुन्हा आमच्या दुकानात आला नाही. त्यानंतर मी कुणालाही सिरिंज नाकारली नाही, पण ते त्याच्या काही उपयोगाचं नव्हतं.

फेब्रुवारी 2011 मध्ये तिथल्या मुहिंबिली राष्ट्रीय रुग्णालयात मेथाडोनची खिडकी उघडली. मेथाडोन म्हणजे हेरॉइनच्या जागी तोंडाने द्यायचं, तलफ आणि टर्की आवरणारं औषध. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर हे पहिलंच सरकारी मेथाडोन केंद्र. मॉरिशसने 2006 मध्येच सुरुवात केली होती. तिथे पिढ्यान् पिढ्या आपली मराठी माणसंही आहेत, आणि 2005 साली तिथे नव्याने एचआयव्ही झालेल्या दहांतल्या नऊ जणांना तो सुईतून झाला होता. मेथाडोन आणि स्वच्छ सुया द्यायला लागल्यावर ते प्रमाण काही वर्षांत पुष्कळ खाली आलं.

दादाचा धाकटा भाऊ मुहिंबिलीत दाखल झाला. आईच्या घराचे पत्रे काढून विकले होते त्याने, शहरातल्या तेमेके भागात, पावसाळ्याच्या तोंडावर. एकदा मी तिच्याबरोबर सकाळी गेले. रांग, खिडकी, आतून छोट्या प्लास्टिकच्या कपात मोजून ओतलेलं औषध. ते नर्ससमोर प्यायचं, वर पाणी प्यायचं, आणि मग काहीतरी बोलून दाखवायचं. गालात धरून बाहेर विकता येऊ नये म्हणून. भाऊ रोज नर्सला 'हबारी', म्हणजे काय खबर, विचारायचा, तीच त्याची परीक्षा. रविवार नाही, ईद नाही, नाताळ नाही, रोज. एका मात्रेने एक दिवस निघतो.

दोन महिन्यांत त्याच्या अंगावर मांस आलं. मग खरी अडचण सुरू झाली. सकाळी साडेआठला औषध पिऊन झालं की दिवसभर करायचं काय? पूर्वी दिवस भरगच्च असायचा: पैसे मिळवा, माल शोधा, पोलिसांना चुकवा. आता बसचं भाडं आणि रिकामा वेळ. जुने सोबती रस्त्यातच बसलेले. औषध फुकट होतं, पण बसला जाऊन-येऊन लागणारं भाडं आईच्या भजी विकण्यातून निघायचं. आणि त्यांची आजी टांगाकडच्या गावात वारली, तेव्हा हा डोस घेऊन बसने निघाला, पोचेपर्यंत माती झालेली. तिथेही दिवस पाळतात, नातवाने थांबायचं असतं. हा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने परत, खिडकी बंद व्हायच्या आत पोचतो की नाही या धास्तीत. गावाला कारण सांगता येईना. सगळ्यांनी मानलं, दार-एस-सलामच्या हवेने माजला.

शेवटी त्याला एका मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम मिळालं. मालकाला सांगून, लपवून नव्हे. पुढे काय झालं मला माहीत नाही. आम्ही 2014 मध्ये परतलो. पण मेथाडोनने जे केलं नसतं ते त्या गॅरेजने केलं, आणि मेथाडोन नसतं तर तो गॅरेजपर्यंत पोचलाच नसता, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. झांझिबारमध्ये तर नशेतून बाहेर पडलेल्यांनीच 'सोबर हाउस' चालवली आहेत. भाड्याचं घर, सकाळची साफसफाई, गोल बसून बोलणं. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये कुणाला ठेवलेलं असेल त्या घराला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

जिथे असं काही नसतं तिथे काय होतं? सप्टेंबर 2019 मध्ये नायजेरियाच्या कडुना शहरात पोलिसांनी एका इमारतीतून तीनशेच्या वर मुलगे आणि पुरुष सोडवले. कित्येकांच्या पायांत साखळ्या होत्या. कित्येकांना घरच्यांनीच आणून ठेवलं होतं, काहींना व्यसन सुटावं म्हणून. सिएरा लिओनमध्ये 'कुश' नावाच्या नशेमुळे एप्रिल 2024 मध्ये राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करावी लागली.

आपण यावर 'अरेरे' म्हणण्यापूर्वी, संपादक महोदय, आपल्याच दैनिकाचं छोट्या जाहिरातींचं पान उघडा. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा, चहातून द्या.' दर रविवारी. त्या पुडीत डायसल्फिराम असेल आणि नवरा त्यावर दारू प्यायला तर त्याचा रक्तदाब कोसळून तो मरू शकतो. माझ्या दुकानात अशी पुडी घेऊन 'यात काय आहे बघा ना ताई' म्हणत बायका यायच्या. साखळी आपण चहातून घालतो, इतकंच.

आता सरसकट बंदीबद्दल. बंदी घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ट्रॅमाडॉल जगभरच्या नियंत्रणाखाली आणायला जागतिक आरोग्य संघटना कचरत आली, कारण गरीब देशांत कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळत नाही, ट्रॅमाडॉल तेवढं मिळतं. युगांडाने यावर चांगला मार्ग काढलाय. तिथे मॉर्फिनची पावडर आणून पाण्यात कालवतात, वेगवेगळ्या ताकदीला वेगळा रंग घालतात आणि बाटल्या भरून रुग्णाच्या घरी पाठवतात. प्रशिक्षित नर्सलाही ते लिहून देता येतं. म्हणजे तेच अफूच्या जातीचं औषध, योग्य हातातून, योग्य माणसाला. काउंटरवर उभ्या राहिलेल्या माणसाला याचं फार कौतुक वाटतं.

माझं मागणं दोन-तीन गोष्टींपुरतं आहे. जे मिश्रण आपल्या माणसाला द्यायला मान्यता नाही, ते 'फक्त निर्यातीसाठी' असा शिक्का मारून बनवायची मुभा राज्याने कुणालाच देऊ नये, एका मिश्रणावर बंदी घालून पुढच्याची वाट पाहू नये. याच महाराष्ट्रात मेथाडोन, त्याच कामाचं ब्युप्रेनॉर्फिन आणि जास्त मात्रेने श्वास थांबू लागला तर तो परत आणणारं नॅलॉक्सोन स्वस्तात बनवण्याची अक्कल आणि यंत्रं दोन्ही आहेत. ज्या बंदरातून गोळ्यांची खोकी गेली, तिथूनच तमालेला ही औषधं का जाऊ नयेत? आणि आपण, 2025 च्या त्या तपासणीनंतर पुढे काय झालं, अडवलेला माल नष्ट झाला का, खटला कुठवर आला, हे विचारायला एक वार्ताहर पाठवावा. बातमी पहिल्या पानावर नसली तरी चालेल, आठ ओळींपेक्षा मोठी असावी.

पत्र छापल्यास कृपया माझं नाव देऊ नये. मुलगा तारापूर एमआयडीसीत एका औषध कारखान्यात पॅकिंग विभागात आहे. त्याच्या कारखान्यात ही गोळी बनत नाही. मी त्याला विचारलं होतं, आणि त्याने उत्तर द्यायला क्षणभर वेळ घेतला, कारण खोक्यांवर काय छापलंय हे तो पाहत नव्हता. आता पाहतो.

आपली,
एक निवृत्त फार्मासिस्ट,
बोईसर, जि. पालघर