आधी चिप, मग लस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी कायमचे राहायला जाणाऱ्या कुटुंबांनी काय तयारी करावी, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. व्हिसा, बँक, मुलांच्या शाळा यांबद्दलची माहिती चांगलीच आहे. पण घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या वाट्याला शेवटी एकच ओळ आली आहे : निघायच्या आठवड्यात पशुवैद्यांकडून आरोग्य दाखला घ्यावा. ते वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात कागदपत्रांचे काम बघते. अशाच समजुतीने आलेली माणसे माझ्या टेबलासमोर रडताना मी पाहिली आहेत. तिकिटे काढून झालेली असतात, घर सोडायची तारीख ठरलेली असते आणि मला सांगावे लागते की तुमचा कुत्रा या तारखेला तुमच्याबरोबर येऊ शकणार नाही.

आरोग्य दाखला ही शेवटची पायरी आहे. पहिली पायरी मायक्रोचिपची. तांदळाच्या दाण्याएवढी, जनावराचा ओळख क्रमांक असलेली ही चिप खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसवतात. ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची, 15 अंकी हवी. जुन्या 9 किंवा 10 अंकी चिपा पुष्कळ ठिकाणच्या स्कॅनरवर उमटतच नाहीत. आणि इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. रेबीजची लस चिप बसवल्यानंतर, किंवा फार तर त्याच दिवशी चिप बसवून मग दिलेली असेल, तरच युरोपीय संघ आणि इतर अनेक देश ती मोजतात. चिपेच्या आधीची लस त्यांच्या लेखी नसल्यासारखीच, कारण ती याच जनावराला दिली याचा पुरावा नसतो.

एका कुटुंबाचे उदाहरण सांगते. लॅब्रॅडॉर कुत्री, एकही लस चुकलेली नाही, कार्ड जपून प्लॅस्टिकमध्ये ठेवलेले. त्यांना युरोपीय संघातल्या देशात जायचे होते. चिप बसवली होती, पण शेवटच्या लसीनंतर, दुसऱ्या एका दवाखान्यात. क्रमाचे महत्त्व त्यांना तिथे कोणी सांगितले नव्हते. मग सगळे पुन्हा पहिल्यापासून. नवी लस. त्यानंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढून टायटर टेस्ट, म्हणजे लसीने रक्तात पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली का ते पाहणारी तपासणी, तीही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच. प्रतिपिंडांचे प्रमाण 0.5 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त यायला हवे. रेबीजच्या दृष्टीने युरोपीय संघाच्या यादीत नसलेल्या देशातून जायचे, तर रक्त काढल्याच्या तारखेपासून आणखी तीन महिने थांबायचे. कुटुंब पुढे गेले, कुत्री आजीजवळ राहिली. नंतर वडील तिला न्यायला मुद्दाम परत आले, कारण मालकाच्या प्रवासापासून पाच दिवसांच्या आत प्राणी गेला नाही तर तो खासगी प्रवास धरत नाहीत आणि व्यापारी आयातीचे नियम लागतात. धाकटा मुलगा रोज व्हिडिओ कॉलवर तिला हाका मारायचा आणि ती फोनच्या मागे जाऊन त्याला शोधायची, हे आजींनी मला सांगितले. एका तारखेपायी हे व्हावे, याचा मला अजून त्रास होतो.

त्यात प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. जपानला चिपेनंतर रेबीजच्या दोन लसी लागतात. ज्या देशांना जपान रेबीजमुक्त मानत नाही, तिथून जाताना टायटरचे रक्त काढल्यापासून 180 दिवस थांबावे लागते आणि पोहोचण्याच्या किमान 40 दिवस आधी सूचना द्यावी लागते. ऑस्ट्रेलियाला आयात परवाना हवा, शिवाय मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या केंद्रात विलगीकरण ठरलेले. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वेत जाणाऱ्या कुत्र्याला पोहोचण्याच्या 24 ते 120 तास आधी पट्टकृमीचे औषध पशुवैद्यांनी देऊन, वेळेसकट नोंदवावे लागते. अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून कुत्र्यांसाठी सहा महिन्यांचे किमान वय आणि चिप सक्तीची केली आहे. म्हणून शेजाऱ्यांनी कसे नेले, यावर विसंबू नये. ज्या देशात जायचे, त्याच्या सरकारी संकेतस्थळावरचा नियम वाचावा आणि वाटेत विमान जिथे बदलणार, तिथलाही.

लसीचा पुढचा डोस एक दिवससुद्धा उशिरा होऊ देऊ नका. मुदत उलटली की युरोपीय संघ पुढची लस पहिलीच धरतो आणि टायटर टेस्टही फुकट जाते. मुदत सांभाळली, तर तीच टेस्ट आयुष्यभर चालते.

क्रेटबद्दल, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्याबद्दल थोडे. जनावराला आत ताठ उभे राहता, वळता आणि ऐसपैस झोपता आले पाहिजे. आयएटीए या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मापात लांबी धरताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतरात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवतात. माप टेपने घ्या, अंदाजाने नको. क्रेट काही महिने आधी घरात आणून दार काढून ठेवा, आत त्याची नेहमीची चादर घाला. तो आपण होऊन त्यात झोपायला लागला की दार बसवा. गुंगीचे औषध मात्र नको. त्याने रक्तदाब उतरतो, तोल जातो आणि उंचावर त्याच्याकडे बघायला कोणी नसते. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जनावरांना बऱ्याच विमान कंपन्या घेतच नाहीत. तिकिटाआधी हे विचारून घ्यावे.

दाखला हातात आला की मी मालकांना समोर बसवते, स्कॅनर फिरवते आणि चिपेचे आकडे तीन-तीन करून मोठ्याने वाचते. ते कागदावर बोट ठेवून जुळवतात. लसीच्या कार्डावर, टायटरच्या अहवालावर आणि दाखल्यावर, तिन्हीकडे. एक आकडा उलटसुलट झाला तरी विमानतळावर कागद अडतो.

माझी विनंती आधी आपल्याला : हा मजकूर पुरवणीत ठळकपणे छापावा. आणि दवाखान्यांना : लस टोचण्याआधी दर वेळी स्कॅनर फिरवा आणि कार्डावर चिपेचा नंबर व ती बसवल्याची तारीख लिहा. मालक परदेशी जाणार आहेत की नाही, हे न विचारता लिहा. नोकरीची बदली अचानक येते, आणि मागच्या तारखेची चिप कोणालाच बसवता येत नाही.

आपली,
दवाखान्यातील एक कर्मचारी