डिचोली ते मेलबर्न : तासांचा हिशोब

ती. आई आणि ती. बाबा यांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबांनी तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करून मुंबई ते मेलबर्न साडेवीस तास काढले आणि तेव्हापासून एवढा वेळ पाय लोंबकळत कसे बसायचे या विचाराने आई धास्तावली आहे, हे कळल्यावर मला राहवेना, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. मुंबईहून तुम्ही रात्री ११.३० ला निघाल आणि दुसऱ्या दिवशी रात्री ८ ला येथे उतराल हे खरे; पण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत येथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते, ते वजा केले की सोळाच तास उरतात. त्यांतले साडेपाच सिंगापूरपर्यंतचे, तीन तेथे थांबण्याचे आणि उरलेले साडेसात पुढचे. त्या तीन तासांत आईने जरा चालावे. तिच्या गुडघ्यांसाठीच मी सलग विमान घेतलेले नाही. चवथ (गणेशचतुर्थी) झाल्याबरोबर निघावे हा माझा आग्रहही त्यामुळेच आहे, कारण तेव्हा येथली थंडी ओसरू लागलेली असते.

दुबईमार्गे स्वस्त तिकीट मिळते असे दादा म्हणाला. ते कृपया घेऊ नका. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर आणि तेथून मेलबर्न सुमारे ६,०००. मुंबईहून सरळ अंतर सुमारे ९,८०० आहे, म्हणजे मध्ये उतरल्याने वाट जेमतेम दीडशे किलोमीटरने वाढते. दुबईला जायचे म्हणजे आधी पश्चिमेला १,९०० किलोमीटर जाऊन मग ११,६०० किलोमीटर उलट यायचे, आणि तो दुसरा टप्पा एकाच बैठकीत जवळजवळ साडेतेरा तासांचा. पहिल्या वर्षी मी पैसे वाचवायला त्याच वाटेने आले होते. उतरल्यावर सुजलेले पाय बुटांत जाईनात. तुमच्या वयाला तो त्रास मी होऊ देणार नाही.

शुक्रवारी दुपारी दोनला घर सोडा. डिचोलीहून गोव्याचा मोपा विमानतळ तासाभरावर आहे, आणि मोपा ते मुंबई विमान सव्वा तासाचे. मुंबईत पाच तास हाताशी राहतील, ते मी मुद्दाम ठेवले आहेत. घराच्या उंबरठ्यापासून हे सगळे साडेपंचवीस तास होतात. परतीला समोरचा वारा असल्याने थोडा जास्त वेळ लागेल.

एक विनंती. बाबांनी मनगटावरचे घड्याळ वाटेत कुठेही बदलू नये, ते गोव्याच्याच वेळेवर राहू द्यावे. सिंगापूरहून स्थानिक वेळेनुसार १०.३० ला विमान सुटेल तेव्हा त्यात सकाळचे आठ वाजलेले असतील, आणि आईची रक्तदाबाची गोळी नेमकी आठची आहे. ती हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

तुमची,
बाय